दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी ‘सुटते’. गिअरबॉक्स उघडायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१० ची पेट्रोल सेदान, ऑटोमॅटिक, १ लाख १८ हजार किलोमीटर. वडील चालवायचे, तेही कोथरूड ते डेक्कन एवढंच. मग आठ महिने गाडी सोसायटीत उभी होती आणि आता तुम्ही ती रोज खराडीला नेता. सकाळी रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन झटका बसतो. गाडी तापल्यावर, विशेषतः चढाला, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर नुसतंच ओरडतं आणि मग गिअर पडतो. साठ-पासष्टच्या वेगात पाय स्थिर ठेवला की रंबलरवरून गेल्यासारखी थरथर होते. एका गॅरेजने एक चक्कर मारून ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून १ लाख ३५ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. आता उघडू, की विकून टाकू?

गाडीचा रंग लिहिलात, सीट कव्हर नवीन आहेत हेही लिहिलंत, कंपनी मात्र लिहिली नाही! हरकत नाही. लिव्हरवर ‘ओ-डी ऑफ’, म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद करायचं, बटण आहे हे तुम्ही ओघात सांगून गेलात, त्यावरून बरंच कळतं. आपल्याकडे हल्ली ‘ऑटोमॅटिक’ म्हटलं की चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. एएमटी, म्हणजे साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सलाच क्लच-गिअर आपोआप हलवणारं यंत्र बसवलेली, तुमची असूच शकत नाही, ती इथे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आली. सीव्हीटीत, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, पायऱ्याच नसतात, त्यामुळे ‘दुसऱ्यातून तिसऱ्यात’ अशी तक्रार तिच्यात होत नाही. दोन क्लचवाल्या गाड्यांत ओव्हरड्राइव्हचं बटण नसतं. म्हणजे तुमचा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ओढ ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा असलेला), जुन्या पद्धतीचा, आणि जवळजवळ नक्की चार गिअरचा: तीन नेहमीचे आणि चौथा ओव्हरड्राइव्ह. सगळ्या प्रकारांत हा सोसणारा. नीट ऑइल मिळालं तर दोन-अडीच लाख किलोमीटर जातो, म्हणून एका चकरीत त्याला मेलेला ठरवणं मला पटत नाही.

या गिअरबॉक्सला स्वतःचं डोकं फार थोडं आहे. तो तीन गोष्टींवर जगतो: ऑइलचा दाब, इंजिनकडून आणि सेन्सरकडून येणारी माहिती, आणि ती माहिती वाचून सोलेनॉइड, म्हणजे ऑइलच्या वाटांवरचे विजेचे व्हॉल्व्ह, उघडझाप करणारा कॉम्प्युटर. यातली एक जरी चुकली तरी आतल्या क्लच प्लेटा धडधाकट असूनही गाडी तुमच्यासारखीच वागते. जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स मी बरेच उघडलेत, आणि त्यातले काही उघडायला नको होते हे उघडल्यावर कळलंय. म्हणून तपासायचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवायचा.

पहिली गोष्ट ऑइल. ‘लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं’ असं वडिलांना सांगितलं होतं म्हणता. कुणाचं लाइफटाइम, हे विचारायला हवं होतं. गाडी उभी असली तरी ऑइलचं वय होतंच, आणि सिग्नलला थांबत-सरकत चालणारी गाडी कन्व्हर्टरमधलं ऑइल मोकळ्या रस्त्यापेक्षा जास्त तापवते. कर्वे रस्त्यावर मेट्रोचं काम चाललं होतं त्या वर्षांत वडिलांनी काढलेले किलोमीटर मी तरी दुप्पट धरीन.

पातळी कशी बघायची यातच निम्मे लोक चुकतात, त्यात फिटरही आले. इंजिन ऑइलसारखी सकाळी थंड गाडीत डिपस्टिक काढली तर उत्तर खोटं मिळतं. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा म्हणजे ऑइल तापेल. मग अगदी सपाट जागी उभी करा. सोसायटीच्या पार्किंगला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तिथे नको. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी-पासून खालपर्यंत आणि परत, प्रत्येक जागी दोन सेकंद थांबत फिरवा. शेवटी पी, हँडब्रेक, आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढा. ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये ऑइल हवं. टोयोटा, ह्युंदाई, मारुती यांच्या त्या काळातल्या बहुतेक ऑटोमॅटिकना हीच रीत. हे वाचणाऱ्या होंडावाल्यांनी मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं. त्यांची डिपस्टिक तशीच आखलेली असते. पुसायला सुती धागे सुटणारं फडकं वापरू नका. तो धागा आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकला तर एका फडक्याने गिअरबॉक्स उतरवायला लावला असं होईल.

पातळी कमी निघाली तर तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी तिथेच सुटण्याची शक्यता आहे. ऑइल कमी असलं की पंप मध्येच हवा ओढतो, दाब पडतो, सकाळी रिव्हर्स उशिरा पकडतो आणि चढाला ऑइल मागे गेलं की तिसरा सुटतो. एक लक्षात ठेवा, हे ऑइल इंजिनसारखं जळून कमी होत नाही. कमी झालंय म्हणजे कुठेतरी गळलंय: चेंबरचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या तबकाचं, पॅकिंग, अ‍ॅक्सलचे सील, नाहीतर रेडिएटरकडे जाणारे पाइप. आठ महिने उभ्या गाडीचे सील सुकतात, तेव्हा खाली पुठ्ठा टाकून एक रात्र बघा. आणि जास्त ऑइलही तितकंच वाईट. फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. लक्षणं मग हुबेहूब कमी ऑइलचीच दिसतात.

आता रंग आणि वास. पांढऱ्या टिश्यू पेपरवर दोन थेंब टाका. लालसर किंवा विटकरी डाग पसरला तर ठीक. तपकिरी झालंय पण वास साधा आहे, तर म्हातारं ऑइल, बदलायचं. काळं, आणि घाटात क्लच जाळलेल्या ट्रकसारखा वास, तर आत प्लेटा जळल्यात, तिथे माझा आशावाद संपतो. आणि गुलाबी मस्तानीसारखं दुधाळ दिसलं तर गाडी पुन्हा सुरूच करू नका. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती आत फुटली की कूलंट गिअरबॉक्समध्ये उतरतं, आणि प्लेटांवरचं अस्तर कागदी असतं. पाण्याने ते डिंक सुटल्यासारखं निघून येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, त्यानंतरच्या आठवड्यात अरण्येश्वर-सहकारनगरकडच्या दोन गाड्या माझ्याकडे अशाच मस्तानी घेऊन आल्या होत्या. त्यांच्यात रेडिएटर शाबूत होता, पाणी ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा जायच्या भोकातून, शिरलं होतं. एका मालकांनी टो करून आणली, तिचं काम ऑइल तीनदा बदलून भागलं. दुसऱ्यांनी ‘सुरू होतेय की’ म्हणून चालवत आणली. पुढचं सांगत नाही.

ऑइल बदलताना दोन वाद हमखास निघतात. एक म्हणजे ‘जुन्या गाडीत नवीन ऑइल घातलं की गिअरबॉक्स बसतो’. ही अफवा उगाच उठलेली नाही. ज्याच्या प्लेटा आधीच झिजल्यात तो गढूळ ऑइलमधल्या भुकटीच्या खरखरीवर कसाबसा पकड धरून असतो; स्वच्छ ऑइलने ती पकड जाते आणि दोष ऑइलवर येतो. मशीन लावून दाबाने फ्लश केलं तर कोपऱ्यात बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल वाटून देणाऱ्या ठोकळ्याच्या, बारीक वाटांत जातो, हाही खरा धोका. म्हणून एवढ्या जुन्या, कधीच न बदललेल्या गाडीला मी मशीन लावत नाही. साधं खालून सोडायचं, तेवढंच भरायचं. चेंबर उघडून सुमारे निम्मंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. दर वेळी निम्मं धरलं तर तीन वेळांत सत्त्याऐंशी टक्के नवीन होतं. मध्ये पाचशे-सातशे किलोमीटर चालवायची. पहिल्या वेळी चेंबर उघडून फिल्टरही बदला, पुढच्या दोन वेळा नुसता बोल्ट सोडला तरी चालेल.

दुसरा वाद कुठलं ऑइल. इथे मी हट्टी आहे: डिपस्टिकवर किंवा मालकाच्या पुस्तकात छापलेलं, तेच. टोयोटाला त्यांचं टी-फोर म्हटलंय तर टी-फोर, ह्युंदाईला एसपी-थ्री तर एसपी-थ्री. नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांत, ‘साहेब, हे सगळ्यांना चालतं’ म्हणत लाल डबा पुढे करतील. सगळी लाल ऑइलं दिसायला एक, पण घर्षणाचा गुण वेगळा असतो. लॉक-अप क्लचला, म्हणजे स्थिर वेगात कन्व्हर्टरला इंजिनशी थेट जोडणाऱ्या क्लचला, किती घसरू द्यायचं आणि केव्हा धरायचं हे त्या ऑइलमधल्या रसायनांवर ठरतं, आणि तुमची साठ-पासष्टची थरथर नेमकी तिथलीच असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

चेंबर उघडेल तेव्हा तिथे स्वतः उभे राहा. आत दोन-चार लोहचुंबक चिकटवलेले असतात. त्यांच्यावर उगाळलेल्या गंधासारखा करडा लेप असणारच, इतक्या वर्षांत नसला तर उलट मला शंका येईल. बोटांत चोळल्यावर तो मऊ लागायला हवा. टोचणारे चमकदार कपचे लागले तर गिअर किंवा बेअरिंग. पिवळसर चकाकी दिसली तर बुश. लोहचुंबकाला न चिकटणारा काळा चुरा तळाशी जाड बसला असेल, तर ते प्लेटांचं अस्तर. मोबाइलने फोटो काढून ठेवा. पुढे दुसऱ्या कुणाचं मत घ्यायची वेळ आली तर तो फोटो अर्धा निकाल असतो.

ऑइल घालण्याआधी किंवा त्याच दिवशी स्कॅनर लावून घ्या. ‘लाइट पेटत नाही म्हणजे कोड नाही’ असं नसतं. पी ०७०० हा कोड दिसला तर तो फक्त हाक मारतो, खरा कोड गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळा वाचावा लागतो आणि स्वस्त स्कॅनर तिथपर्यंत जात नाहीत. पी ०७१५ आणि पी ०७२० हे वेगाच्या सेन्सरचे, पी ०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, पी ०७४० लॉक-अपचा, पी ०७५० पासून पुढे सोलेनॉइडचे. यातला सोलेनॉइडचा कोड आला म्हणजे सोलेनॉइडच गेला असं धरून लोक तो बदलून टाकतात. कॉम्प्युटर सांगतो की त्या वायरीवर त्याला हवं ते दिसलं नाही. वायर तुटली, कपलरमध्ये हिरवं चढलं किंवा बॅटरीची अर्थ ढिली असली तरी त्याला तेच दिसतं.

इथे माझी एक फजिती सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बिबवेवाडीच्या एका काकांची गाडी आली. तापल्यावर चौथा पडत नाही, मधूनच तिसऱ्यात अडकते. दोन दिवस तपासली, कोड कधी येतो कधी नाही. मी तरुणपणाच्या घमेंडीत गिअरबॉक्स उतरवला. प्लेटा नव्यासारख्या! तोंड पाडून परत बसवायला घेतला तेव्हा पोरगं म्हणालं, ‘दादा, ही वायर बघा.’ स्पीड सेन्सरच्या वायरीचं आवरण उंदराने कुरतडलं होतं. इंजिन तापून ब्लॉक फुगला की उघडी तार धातूला टेकायची, थंड झाली की सुटायची. दीड इंच वायर आणि एक स्लीव्ह. काकांकडून मी फक्त ऑइलचे पैसे घेतले, आणि त्यांनी तेही मोजून दिले. तुमची गाडी आठ महिने तळघराच्या पार्किंगमध्ये होती. बॅटरी काढून, एअर क्लीनरचा डबा बाजूला घेऊन खाली टॉर्च मारा. लेंड्या दिसल्या तर प्रत्येक वायर बोटाने चाचपून बघा.

सोलेनॉइड तपासायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. बाहेरच्या कपलरवर मल्टिमीटर लावून रोध मोजता येतो. टोयोटाच्या साध्या उघड-बंद सोलेनॉइडला ११ ते १५ ओहम, दाब सांभाळणाऱ्याला सुमारे ५. मित्सुबिशी आणि त्या घराण्यातल्या ह्युंदाईच्या गिअरबॉक्सना ३ च्या आसपास. थंड असताना एकदा आणि तापल्यावर एकदा मोजा. गरम झाल्यावर आकडा पळाला तर तुमच्या ‘तापल्यावर होतं’ या वाक्याचा तो पुरावा.

इंजिनकडे आधी बघायचं की गिअरबॉक्सकडे, हा प्रश्नच बऱ्याच गॅरेजमध्ये विचारला जात नाही. थ्रॉटल किती उघडलंय आणि गाडी किती वेगात आहे, मुख्यतः या दोन गोष्टींवर गिअर केव्हा पडायचा हे ठरतं. थ्रॉटल सेन्सर खोटं बोलला तर गिअर उशिरा आणि जोरात पडतो. आयडल हजारावर असेल तर डी टाकताच झटका बसणारच. इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे माउंटिंग, फाटलं असेल तर तोच झटका ‘धाडकन’ होतो. बॉनेट उघडून कुणालातरी ब्रेक घट्ट धरायला सांगा आणि आर-डी-आर करून बाजूने बघा, समोर उभं राहू नका. इंजिन बोटभर हललं तर चालेल. उठून बसल्यासारखं झालं तर आधी फाउंडेशन बदला.

आणि एक खास आपल्याकडचा आजार: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकणं. ‘पुण्यात गरज नाही, गाडी थंड राहते’ म्हणून कित्येक जुन्या गाड्यांचा थर्मोस्टॅट कधीच कुणीतरी फेकून दिलेला असतो. इंजिन पुरेसं तापल्याशिवाय कॉम्प्युटर चौथा आणि लॉक-अप देत नाही. मग डिसेंबरच्या सकाळी गाडी हिंजवडीपर्यंत तिसऱ्यातच जाते आणि मालक गिअरबॉक्सचं एस्टिमेट घेऊन फिरतो.

आता रस्त्यावरची चाचणी, कारण खरं निदान तिथेच होतं. रविवारी सकाळी सहाला निघा. वारज्याहून बाह्यवळणाने नवले पुलाकडे आणि तिथून नव्या कात्रज बोगद्याचा चढ; तुमच्या तक्रारीला याहून चांगली प्रयोगशाळा नाही. शेजारी कुणीतरी कागद-पेन घेऊन बसू द्या. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने वेग वाढवत टॅकोमीटर बघा आणि काटा किती वेळा खाली पडतो ते मोजा. चार गिअरच्या गाडीत तो तीन वेळा पडून झाल्यावर चौथ्यांदा दोनशे-चारशेने अलगद उतरतो. ते गिअर बदलणं नाही, कन्व्हर्टर लॉक होणं आहे. कित्येक लोक त्याला पाचवा गिअर समजतात.

थरथर सुरू झाली की पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल जरासं टेकवा, ब्रेक लागेल इतकं नाही, फक्त मागचा दिवा लागेल इतकं. मागे कुणी नाही बघून. ब्रेकचा स्विच दबताच कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो. थरथर त्याच क्षणी थांबली आणि ब्रेकवरचा पाय काढल्यावर परत आली, तर ती लॉक-अपची, आणि नव्या ऑइलने जायची चांगली आशा आहे. थांबली नाही, तर प्लग आणि कॉइल बघा. एका सिलिंडरचं मिसिंग त्याच वेगात, त्याच तालात थरथरतं आणि भलेभले फसतात. याच स्विचचा उलटा घोटाळाही होतो: स्विच अडकून राहिला तर लॉक-अप कधीच लागत नाही, गाडी पेट्रोल पिते आणि मागचा ब्रेक लाइट दिवसरात्र चालू राहतो.

मग चढ. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आत एक क्लच सोडतो आणि दुसरा धरतो. नळावरची भरलेली घागर एकाने दुसऱ्याच्या हातात द्यावी तसं. दुसऱ्याने धरायच्या आत पहिल्याने सोडली तर घागर पडते, म्हणजे इंजिन रेझ होतं. दोघांनी जास्त वेळ धरून ठेवली तर ओढाताण, म्हणजे झटका. तुमचं पहिलं प्रकरण आहे: धरणाऱ्याला उशीर होतोय. हलक्या पायाने नीट पडतो आणि जोर दिला की सुटतो, तर दाब कमी पडतोय, ऑइल नाहीतर फिल्टर नाहीतर दाबाचा सोलेनॉइड. हलक्या पायानेही, गाडी थंड असतानाही सुटायला लागला आणि तिसऱ्यात धावतानाही जोर दिल्यावर इंजिन वर पळतं पण गाडी नाही, तर तो क्लच झिजलाय. ही एक ओळ कागदावर नीट लिहा. तुमच्या १ लाख ३५ हजारांचा निर्णय बराचसा तिच्यावर आहे. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालल्यावर ओढच गेली आणि दहा मिनिटं बंद ठेवल्यावर परत आली, तर चोंदलेला फिल्टर हा माझा पहिला संशयित.

परतीचा बोगद्याकडून नवले पुलाकडचा उतार अपघातांसाठी सर्वांना माहीत आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकू नका, ओ-डी बंद करून तिसऱ्यात उतरा. हे गिअरबॉक्ससाठी सांगतोय आणि तुमच्यासाठीही.

घरी आल्यावर, गाडी गरम असतानाच, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. ब्रेक धरून एन-मधून डी टाका आणि पकडल्याचा हलका धक्का लागेपर्यंतचा वेळ मोजा. टोयोटाच्या पुस्तकात डी-साठी १.२ सेकंद आणि आर-साठी १.५ सेकंद ही कमाल मर्यादा आहे, इतरांचे आकडेही फार लांब नसतात. तीनदा मोजून सरासरी काढा. मग तेच दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना. फक्त सकाळीच उशीर होत असेल तर रात्रभर कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतंय किंवा सील कडक झालेत, आणि त्याने गाडी मरत नाही. सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबून मग आर टाकायचा. गरम असतानाही उशीर होत असेल तर दाब मोजायचा गेज लावल्याशिवाय पुढे कुणाचं ऐकू नका.

स्टॉल टेस्टबद्दल कुणीतरी सांगेलच: ब्रेक दाबून डी-मध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. घरी करू नका. पाच सेकंदांहून जास्त धरली तर ऑइल उकळतं, आणि जुन्या ब्रेकवर गाडी पुढच्या भिंतीत गेलेली मी पाहिली आहे. गॅरेजमध्ये चाकांना ठोकळे लावून करू द्या. बहुतेक पेट्रोल गाड्यांत काटा दोन हजार ते अठ्ठावीसशेच्या दरम्यान थांबतो. त्याच्या फार वर गेला तर क्लच घसरतायत, फार खाली राहिला तर इंजिनात दम नाही किंवा कन्व्हर्टर बिघडलाय.

हे सगळं करून काळं जळकं ऑइल, चेंबरमध्ये अस्तराचा चुरा आणि तिसऱ्यात धावताना घसरण, असं तिन्ही एकत्र निघालं, तर मात्र नवीन ऑइल ओतून पैसे घालवू नका. उघडावा लागेल. तेव्हा त्या गॅरेजला विचारा: कोड काय आले, दाब किती होता, पातळी किती होती? तिन्हीला उत्तर नसेल तर एस्टिमेट कशावर केलं? काम देणार असाल तर त्यात क्लच प्लेटा आणि सील किटबरोबर व्हॉल्व्ह बॉडीची सफाई, कन्व्हर्टर उघडून बांधणं आणि कूलरच्या नळ्या धुणं हे तिन्ही लिहून घ्या. जुन्या कूलरमधला चुरा नव्या गिअरबॉक्समध्ये जाऊन सहा महिन्यांत परत आलेल्या गाड्या कमी नाहीत. मुंबईच्या कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणलेला वापरलेला गिअरबॉक्स निम्म्या पैशांत मिळतो, पण त्याचं ऑइल आणि चेंबर बघू देत असतील तरच. नाहीतर तुमचाच बरा, निदान त्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

विकायचं म्हणाल, तर २०१० च्या गाडीची आरसी पंधरा वर्षांची. पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलं नसेल तर गिअरबॉक्सआधी ते बघा. गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं.

तोवर गाडी चालवू शकता, शहरात, हलक्या पायाने, पूर्ण थांबल्याशिवाय आर न टाकता. खंबाटकी-वरंधा नको. बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा फिरतो. फ्लॅटबेडच बोलवा.

पहिल्यांदा ऑइल सोडाल तेव्हा किती लिटर निघालं ते मोजून लिहा आणि त्यातलं अर्धा लिटर स्वच्छ पारदर्शक बाटलीत भरून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा सोडाल ते दुसऱ्या बाटलीत. दोन्ही खिडकीत शेजारी ठेवून फोटो पाठवा, सोबत सकाळचे आणि गरम गाडीचे सेकंद, आणि हो, या वेळी कंपनी आणि मॉडेल.